आजोबांची चिनी फुलदाणी : किंमत कळायला खर्च किती?

वाटणीत बांधावरून दोन दोन वर्षे बोलणी अडतात, पण माळ्यावरच्या फुलदाणीकडे कुणी ढुंकून बघत नाही. मग एखादा पाहुणा तिच्यावरची निळी नक्षी पाहून म्हणतो, "ही चिनी आहे, लाखांत जाईल," आणि घरात कुजबुज सुरू होते. बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्यासारख्या गावातल्या घरात अशी वस्तू निघाली तर त्यात अशक्य काही नाही. हा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादच्या बड्या घरांना चिनी भांड्यांची मोठी हौस होती. सालारजंग संग्रहालयात ती आजही बघायला मिळतात. मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही एकोणिसाव्या शतकात चीनशी जोरात व्यापार चाले. तेव्हा वस्तू खरी असू शकते. मात्र पहिल्या तपासणीला पाचशे-सहाशे रुपयांच्या वर एक पैसा घालू नका.

जमिनीवर गोधडी पसरा. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. फुलदाणी मानेला धरून कधीच उचलू नका, एक हात पोटाला आणि एक तळाला लावा. मग तिला गोधडीवर आडवी करून तळ बघा. खरी माहिती तळाशीच असते. टेकायची गोल कड बहुधा बिनझिलईची असते. तिथली माती बारीक, पांढरी आणि घट्ट आहे का? बरणीसारखी जाड, भुरकट असेल तर ते पोर्सेलिन, म्हणजे चिनी भांड्यांची ती बारीक पांढरी माती, नव्हे. शंभर वर्षे फळीवर सरकलेल्या वस्तूची कड हाताला गुळगुळीत लागते आणि तिची झीज सगळीकडे सारखी नसते. मुद्दाम जुनी केलेली वस्तू सगळीकडून सारखी घासलेली असते, आणि तिच्यावरचा मळ ओल्या फडक्याने निघून येतो.

सराफ वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग दोन-तीनशे रुपयांत मिळते. त्यातून नक्षी बघा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापील आहे, म्हणजे वस्तू अलीकडची. हाताने रंगवलेल्या निळ्यात कुंचल्याचे फटकारे दिसतात, रंग कुठे गडद तर कुठे फिका असतो. तेवढ्याच पैशांत मिळणारी जांभळ्या उजेडाची टॉर्च अंधारात फिरवली की जोडलेली, रंग भरून लपवलेली जागा बहुधा वेगळी चमकते. झिलईवर तडे असले म्हणजे वस्तू जुनी, हा समज मात्र चुकीचा आहे. तसे तडे मुद्दामही पाडतात.

तळावर दोन ओळींत सहा चिनी अक्षरे दिसली की लोक हुरळून जातात. ती वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचतात. त्यात घराण्याचे आणि बादशहाचे नाव असते. कांगशी (1662 ते 1722) किंवा छ्यानलोंग (1736 ते 1795) हे नाव असले म्हणून भांडे त्याच काळातले ठरत नाही. पूर्वजांच्या मानाखातर आणि विक्रीसाठीही ही नावे नंतर सर्रास लिहिली गेली. उलट इंग्रजी अक्षरांत 'चायना' लिहिलेले असेल तर वस्तू बहुतेक 1891 नंतरची, कारण मालावर देशाचे नाव हवे ही अमेरिकेची अट त्या वर्षी लागू झाली. 'मेड इन चायना' असेल तर विसाव्या शतकातली धरा.

आता किमतीचे. 2022 मध्ये फ्रान्समधल्या फाँतेनब्लो गावच्या लिलावात एका बाईला वारशाने मिळालेली निळी-पांढरी फुलदाणी आली. अंदाज दोन हजार युरोंचा होता, ती 77 लाख युरोंना गेली, आणि लिलाव घराच्या तज्ज्ञाने तरीही ती विसाव्या शतकातलीच असल्याचे सांगितले. अशी बातमी वाचून आपल्या फुलदाणीचा हिशेब मांडू नका. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवल्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. म्हणजे परदेशी लिलावातला भाव तुमच्यासाठी नाही. तुमचा भाव भारतातल्या गिऱ्हाइकाचा, आणि तो पुष्कळ कमी. त्यात केसासारखी चीर, कडेचा टवका किंवा दिव्यासाठी तळाला पाडलेले भोक असेल तर तो आणखी निम्म्यावर येतो.

यापुढे जायचे तर फोटो काढा: चारही बाजू, तोंड, तळ, अक्षरे, शेजारी मोजपट्टी. लिलाव घरे फोटोवरून पहिला अंदाज बहुधा फुकट देतात, विक्री झाली तर दलाली घेतात. दलालीचा आकडा आधी लेखी घ्या. संग्रहालये सहसा किंमत सांगत नाहीत, पण नजर तयार करायला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातले चिनी पोर्सेलिन जरूर बघा. दोघांचा मुंबईचा फेरा आणि एक मुक्काम मिळून पाच-सहा हजार जातात, म्हणून फोटोवर होकारार्थी उत्तर आल्याशिवाय फुलदाणी घेऊन निघू नका. कायद्याची चौकशी छत्रपती संभाजीनगरच्या पुरातत्त्व सर्वेक्षण मंडळात करा.

लेखी मूल्यांकन वाटणीसाठी किंवा विक्रीसाठीच घ्या. फी ठरावीक असावी. किमतीच्या टक्क्यात फी मागणारा आकडा फुगवतो. वारशाने मिळालेल्या वस्तूवर कर नाही, पण कलाकृती विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के भांडवली नफा कर लागतो. घरात 2001 च्या आधीपासून असेल तर 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत खरेदीची किंमत धरता येते, म्हणून मूल्यांककाकडून त्या तारखेचाही आकडा मागून घ्या.

आणि "परदेशी पार्टी तयार आहे, फक्त टेस्टिंगचे पैसे आगाऊ भरा" असे म्हणणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. राइस पुलरच्या, म्हणजे तांदूळ ओढणाऱ्या तथाकथित चमत्कारी भांड्याच्या नावाने याच पद्धतीने अनेकांना लुबाडले गेले आहे.

फुलदाणी धुवायची तर साध्या कोमट पाण्याने धुवा, ॲसिड लावू नका. तुटलेला तुकडा फेव्हिक्विकने चिकटवू नका, कापडात बांधून तिच्याजवळच ठेवा.