आलेख काढताना 'लाइन' की 'स्कॅटर'? मोफत कॅल्कमधला एक उपक्रम



प्रयोगातल्या नोंदींचा आलेख काढायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. लिबरऑफिसमधलं 'कॅल्क' मोफत आणि मुक्त स्रोत आहे. २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळं झालेलं हे सॉफ्टवेअर एकदा इन्स्टॉल केलं की इंटरनेटशिवाय चालतं, अक्षांची नावं मराठीत लिहिता येतात आणि मुलांच्या घरच्या संगणकासाठीही बिनधास्त देता येतं. मात्र आलेखाचा प्रकार चुकला, तर नोंदी बरोबर असूनही मुलं चुकीचा निष्कर्ष काढतात. कसा ते पाहू.

उपक्रम : गरम पाणी कसं थंड होतं? (इयत्ता ६ वी ते ८ वी)

साहित्य : चंचुपात्र, घड्याळ, प्रयोगशाळेतला तापमापी (ताप मोजायचा नव्हे). गरम पाणी शिक्षकांनीच ओतावं.

समजा, नोंदी अशा आल्या :

वेळ (मिनिटे) : ०, ५, १०, २०, ४०
तापमान (°से) : ८०, ७३, ६७, ५७, ४४

कृती :
१. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात तापमान लिहा.
२. दोन्ही रकाने निवडून 'इन्सर्ट' मधून 'चार्ट' घ्या.
३. 'एक्स वाय (स्कॅटर)' आणि त्यात 'पॉइंट्स अँड लाइन्स' निवडा.
४. शीर्षक आणि दोन्ही अक्षांची नावं, एककांसह, लिहा.

इथे बरेच जण सवयीने 'लाइन' निवडतात. 'लाइन' प्रकारात आडव्या अक्षावरच्या नोंदी सारख्या अंतरावर बसतात. म्हणजे ० ते ५ आणि २० ते ४० यांना सारखीच जागा! मग शेवटचा १३ अंशांचा उतार सर्वांत तीव्र दिसतो आणि मुलं म्हणतात, "पाणी शेवटी जास्त वेगाने थंड झालं."

आता भागाकार करायला सांगा. पहिल्या ५ मिनिटांत ७ अंश, म्हणजे मिनिटाला १.४ अंश. शेवटच्या २० मिनिटांत १३ अंश, म्हणजे मिनिटाला फक्त ०.६५ अंश. पाणी खोलीच्या तापमानाजवळ येतं तसा थंड होण्याचा वेग मंदावतो. 'स्कॅटर' मध्ये वेळ खऱ्या अंतराने मांडली जाते, म्हणून हे दिसतं.

म्हणूनच आधी आलेख कागदावर काढून घ्यावा, संगणक नंतर. ज्याने हाताने ० ते ४० चे घर मोजले, त्याला पडद्यावरची गडबड लगेच कळते.

घरी करण्यासाठी : डिसेंबरात निफाडचं किमान तापमान वर्तमानपत्रात येतं. ते पंधरा दिवस टिपा आणि शेजारी आपल्या नाशिक रोडला घराबाहेर सकाळी घेतलेली नोंद लिहा. तारखेऐवजी दिवसाचा क्रमांक टाका. एखादा दिवस राहिला तर तो क्रमांक सोडा, अंदाजे आकडा भरू नका.

कॅल्क नवीन असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी पाठ मोफत आहेत. मुलांबरोबर बसूनच पाहा.