जमिनीची धूप : पाऊस व वारा

शेतांत घळ पडली म्हणजे जमीन वाहूं लागली, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक घळ ही धुपीची अखेर होय. प्रारंभ पावसाच्या थेंबापासून होतो. मोठा थेंब सेकंदास सुमारें ९ मीटर वेगानें आदळतो व ढेंकळें फोडून मातीचे कण उडवितो. हे कण जमिनीचीं छिद्रें बुजवितात. मग पाणी मुरेनासें होतें व गढूळ होऊन उताराकडे वाहूं लागतें. प्रथम पातळ थर जातो, मागाहून ओघळी पडतात, आणि शेवटीं घळ.

सोलापूर भागांत ज्या काळ्या रानांत केवळ रब्बी ज्वारी घेतात, तीं पावसाळ्यांत बहुतेक उघडींच असतात. त्यामुळें थेंबांचा सारा मारा मातीवर बसतो. एका एकरावरून १ मिलिमीटर थर गेला, तरी सुमारें ५ टन माती गेली असें समजावें. जमिनीचा कस मुख्यतः ह्याच वरच्या थरांत असतो.

कोरड्या दिवसांत वारा हेंच काम करितो. बारीक वाळूएवढे कण उड्या मारीत जातात व आदळतांना धूळ उसळवितात. ती धूळ दूर उडून जाते, भरड रेव तेवढी मागें उरते.

तेव्हां उपायास माथ्यापासून आरंभ करावा. नांगरट व पेरणी उतारास आडवी करावी, समपातळींत बांध घालावे, ज्वारीचीं धसकटें रानांत राखावीं. घळीस ताल घालणें हें त्यानंतरचें काम. एरव्हीं माथ्यावरून येणारा लोंढा ती फोडून जाईल.