आधी व्हिजिट, मग नोकरी?

प्रश्न : मी नववी पास, वेल्डर आहे. एजंट कुवेतसाठी ९०,००० रुपये मागतो. म्हणतो, ‘आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बदलून घेऊ.’ जाऊ का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : थांबा, भाऊ. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे. पकडले जाल तुम्ही, एजंट नव्हे. दहावी नसल्याने तुमचा पासपोर्ट ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असणार. म्हणजे नोकरीच्या व्हिसावर एमिग्रेशन क्लिअरन्स घेऊनच निघायचं. ‘व्हिजिट’ची पळवाट नेमकी ती तपासणी चुकवायलाच असते. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा परवाना बघा, पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. काळजी नको, सरळ मार्गानेही जाता येतं, घाई एजंटलाच आहे.