घरातला धूर

मुलांनो, 'हवा खराब आहे' असे कोणी म्हटले, की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? काळा धूर सोडणारा ट्रक, नाही तर कारखान्याची उंच चिमणी. आपले स्वयंपाकघर काही आठवत नाही! पण जिथे चूल पेटते, तिथे रस्त्यापेक्षा घरातली हवा पुष्कळदा जास्त खराब असते.

चुलीवरच्या भिंतीवर बोट फिरवून पाहा. बोटाला काजळी लागेल. भिंतीवर बसते ते आपल्याला दिसते. छातीत जाते ते दिसत नाही. धुरातले काही कण इतके बारीक असतात, की आपल्या केसाची जाडी त्यांच्या पंचवीस-तीस पट भरेल. नाक त्यांना अडवू शकत नाही. ते थेट फुप्फुसांत खोल जातात. वर्षानुवर्षे असा धूर घेतला, की चालताना दम लागतो, खोकला हटत नाही. हृदयाचे विकार होतात. लहान मुलांना न्यूमोनिया होण्याची भीती वाढते.

आता सांगा, चुलीपुढे सर्वांत जास्त वेळ कोण बसते? अम्मी. आणि तिच्या मांडीवर? धाकटे बाळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची २ लाखांहून अधिक मुले होती.

२०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक गरीब घरांत गॅस आला. पण सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले, की चूल पुन्हा पेटते. त्यात अम्मीचा काय दोष? अशा वेळी निदान लाकूड सुके असावे, खिडकी उघडी असावी आणि बाळ दुसऱ्या कोणाकडे असावे. हे शेवटचे काम तुम्ही करू शकता.

धूर नसला म्हणजे धोका नाही, असेही समजू नका. थंडीत काही लोक कोळशाची शेगडी खोलीत ठेवून, दारे-खिडक्या लावून झोपतात. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वासही नाही. झोपलेल्या माणसाला काही कळत नाही आणि तो पुन्हा उठत नाही. म्हणून झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर ठेवावी.

आणि लोबान? त्याचा सुगंध सर्वांना आवडतो. पण धूर तो धूरच! दादीला दमा असेल, तर लोबान जाळताना खिडकी उघडा आणि तिला थोडा वेळ अंगणात बसवा.