सेवाविनियमांची भाषा आणि देशांच्या सीमा

सेवाविनियम हा साहित्यप्रकार नव्हे. तथापि शब्दार्थाची कसोटी तेथेही कठोर असते, कारण एका शब्दावर माणसाची उपजीविका अवलंबून असते. अनेक देशांत कारभार असलेल्या संस्थेच्या बाबतीत ही कसोटी अधिकच बिकट होते. दिल्लीच्या द्वारका उपनगरात २००८ साली स्थापन झालेले राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे आणि आंतरराष्ट्रीय विमानतळही तेथून जवळच आहे. विधीचे अध्यापन व देशोदेशीची उड्डाणे यांचा हा शेजार ज्या खटल्याचे स्मरण करून देतो, तो ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा’ हा होय.

एअर इंडियाचे मुख्यालय त्या काळी मुंबईत होते. तिच्या ४६ व्या विनियमानुसार सामान्य कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होई. हवाई सुंदरी मात्र वयाच्या ३५ व्या वर्षी, सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह झाल्यास, किंवा पहिल्या गर्भधारणेच्या वेळी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त होई. मुदतवाढ देणे ४७ व्या विनियमाने व्यवस्थापकीय संचालकाच्या इच्छेवर सोपविले होते. २८ ऑगस्ट १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भधारणेची अट व हा निरंकुश अधिकार, दोन्ही समतेच्या तत्त्वाशी विसंगत म्हणून रद्द केले; विवाहाची अट मात्र ग्राह्य मानली.

ब्रिटनमध्ये नेमलेल्या हवाई सुंदरींच्या सेवाशर्ती निराळ्या होत्या, हाही मुद्दा या खटल्यात निघाला. तो भेद तेथील कायद्यामुळे उद्भवल्याचे मानून न्यायालयाने त्यास पक्षपात ठरविले नाही. विमान एक, काम एक, परंतु नेमणुकीचा देश बदलताच शर्ती बदलत.

यावरून विनियमकाराने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सर्व देशांना समान असणारी तत्त्वे मूळ संहितेत आणि स्थानिक कायद्यानुसार बदलणाऱ्या शर्ती स्वतंत्र परिशिष्टांत मांडणे इष्ट. अन्यथा एका देशातील गृहीतके दुसऱ्या देशातील कर्मचाऱ्यावर नकळत लादली जातात. दुसरे असे की, अधिकाऱ्यास विवेकाधिकार द्यावयाचा तर त्याचे निकष मजकुरातच नमूद असावेत. ‘इच्छा’ या शब्दाला मर्यादा नसते. ती वाक्याने घालावी लागते.

भाषाभ्यासकाला आणखी एक गोष्ट जाणवेल. ‘हवाई सुंदरी’ हा मराठीत रूढ झालेला शब्द त्या स्त्रीचे काम सांगत नाही, रूप सांगतो. पस्तिशीची अट याच समजुतीच्या जवळची होती. विनियम दुरुस्त झाले. शब्द मात्र अद्याप वापरात आहे.