हिसाको हिगुची : वाट पाडणारी एक खेळाडू



राजे, सेनापति, शास्त्रज्ञ आणि साधुसंत ह्यांचीं चरित्रें आपल्या पाठ्यपुस्तकांत पुष्कळ असतात, व त्यांपासून आपण यथाशक्ति बोध घेतों. परंतु जिनें राज्य जिंकलें नाहीं, ग्रंथ रचला नाहीं, केवळ एक लहानसा पांढरा चेंडू काठीनें मारण्यांत आपलें आयुष्य वेंचलें, अशा स्त्रीच्या चरित्रापासून काय शिकावें, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येणें साहजिक आहे. त्या प्रश्नाचें उत्तर देण्याकरितांच हा लेख लिहीत आहें. दहावीचें वर्ष जवळ आलें कीं कित्येक मुलींचें मैदानावर येणें बंद होतें, त्यांच्या भावांचें मात्र होत नाहीं. हें आम्ही शिक्षक दरवर्षीं पाहतों, आणि बहुधा मुकाट्यानें पाहतों. म्हणून हा विषय केवळ खेळाचा आहे असें कोणीं समजूं नये.

प्रथम ह्या खेळाची थोडी ओळख करून घेऊं. गोल्फ हा खेळ स्कॉटलंड देशांत वाढला. विस्तीर्ण हिरवळीवर अठरा ठिकाणीं लहान खळग्या केलेल्या असतात. खळगीचें तोंड अवघें सव्वाचार इंच रुंद असतें, आणि चेंडू पावणेदोन इंचांहूनहि किंचित् लहान. खेळाडूनें जवळ चौदापर्यंत काठ्या बाळगाव्या व शेंकडों हात दूर असलेल्या खळगींत कमींत कमी टोल्यांनीं चेंडू पोंचवावा, एवढाच खेळाचा सारांश. अठरा खळग्यांना मिळून निष्णात खेळाडूस बहुधा ७२ टोले लागावे असा अदमास ठरलेला असतो. ज्याचे टोले कमी तो श्रेष्ठ. येथें प्रतिस्पर्धी आपल्या चेंडूस हात लावीत नाहीं. झुंजावयाचें तें वाऱ्याशीं, उतारांशीं आणि स्वतःच्या मनाशीं. आणखी एक विशेष असा कीं, प्रत्येक खेळाडूच्या पाठीशीं पंच उभा नसतो. आपल्या हातून नियमभंग झाला तर तो आपणच सांगावयाचा असतो. प्रामाणिकपणाची परीक्षा घेणारा असा खेळ विरळाच.

आपल्या देशास हा खेळ अगदीं परका नाहीं. कलकत्त्यास १८२९ सालीं गोल्फची संस्था स्थापन झाली. ब्रिटिश बेटांबाहेरील ती सर्वांत जुनी होय. जपानांत मात्र तो बराच उशिरां आला. कोबे शहराजवळील रोक्को पर्वतावर आर्थर ग्रूम नांवाच्या इंग्रज व्यापाऱ्यानें १९०३ सालीं तेथील पहिली संस्था काढली. पुढें १९२९ सालीं तोक्योच्या वायव्येस, सायतामा प्रांतांतील कावागोए येथें, कासुमिगासेकी नांवाचें प्रसिद्ध मैदान तयार झालें. हें नांव ध्यानांत ठेवावें, कारण लेखाच्या शेवटीं आपणांस ह्याच मैदानाच्या दाराशीं परत यावयाचें आहे.

ह्याच कावागोए गांवीं १३ ऑक्टोबर १९४५ रोजीं हिसाको हिगुची हिचा जन्म झाला. जपाननें शरणागति पत्करून त्या वेळीं पुरते दोन महिनेहि लोटले नव्हते. शहरें जळून गेलेलीं, अन्नाचा तुटवडा, असा तो काळ होता. शाळेंत असतांना ही मुलगी अडथळ्यांच्या शर्यती धांवत असे. गोल्फशीं तिचा संबंध पुढें आला.

ती बारा वर्षांची असतां तिच्याच गांवच्या मैदानावर एक अघटित घडलें. १९५७ सालीं कासुमिगासेकी येथें कॅनडा कप नांवाची जागतिक स्पर्धा भरली. तींत तोराकिचि नाकामुरा व कोइचि ओनो ह्या जपानी जोडीनें अमेरिकेच्या सॅम स्नीड व जिमी डेमारेट ह्या नामांकित वीरांस मागें टाकिलें, आणि व्यक्तिशः पहिला क्रमांकहि नाकामुरा ह्यांनींच मिळविला. ह्या विजयानें जपानभर गोल्फचें वेड पसरलें. ह्याच नाकामुरांच्या हाताखालीं पुढें हिसाकोनें धडे घेतले.

आतां तिच्या टोल्याची हकीकत ऐका. गोल्फच्या शिक्षकांचा सर्वमान्य दंडक असा कीं, काठी मागें नेतांना डोकें स्थिर ठेवावें व नजर चेंडूवरून ढळूं देऊं नये. हिसाकोची पद्धति ह्याच्या अगदीं उलट. काठी मागें जातांना तिचें डोकें व सारें शरीर उजवीकडे झुकत असे, आणि टोला मारतांना तें तितक्याच वेगानें डावीकडे परत येत असे. पाहणाऱ्यास वाटावें कीं हिचा चेंडू सरळ जाणें शक्यच नाहीं. परंतु ही लकब गुरूच्या देखरेखीखालींच घडली होती, आणि हजारों वेळां घोटून ती इतकी नेमकी झाली होती कीं, शरीर दर वेळीं बरोबर त्याच जागीं परत येई. हें वाचल्यापासून मी स्वतः पुष्कळ विचारांत पडलों आहें. वीस वर्षें मुलांच्या वह्या तपासतांना, जें माझ्या सांच्यांत बसलें नाहीं त्यावर मी तांबडी रेघ ओढीत आलों. त्यांतील कोणती चूक होती आणि कोणती त्या मुलाची स्वतःची रीत होती, हें दर वेळीं थांबून पाहिलेंच असें मला म्हणवत नाहीं. मात्र विद्यार्थ्यांनीं ह्यांतून आळसाची सबब काढूं नये. वेगळी रीत चालते, पण ती शिस्तीनें घोटलेली असली तरच.

जपानांत स्त्रियांनीं गोल्फ हा व्यवसाय म्हणून पत्करावा ह्यासाठीं पहिली परीक्षा १९६७ सालीं घेण्यांत आली, व तींत उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडींत हिसाको होती. पुढल्याच वर्षीं, १९६८ सालीं, स्त्री-व्यावसायिकांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली; ती तिनें जिंकली. त्याच वर्षीं सुरू झालेली स्त्रियांची खुली स्पर्धाहि तिनेंच जिंकली. अजिंक्यपद स्पर्धा तिनें पुढें एकंदर नऊ वेळां व खुली स्पर्धा आठ वेळां जिंकली. जपानी स्त्रियांच्या मंडळाच्या स्पर्धांत तिच्या नांवावर ६९ विजय आहेत. ज्या काळीं स्पर्धा थोड्या, बक्षिसें लहान व प्रेक्षक विरळ होते, त्या काळची ही कमाई आहे.

घरीं अजिंक्य ठरलेला मनुष्य बहुधा घरींच सुखावतो. हिगुचीबाईंनीं तसें केलें नाहीं. १९७० सालापासून त्या अमेरिकेंतील स्पर्धांत भाग घेऊं लागल्या. भाषा परकी, अन्न परकें, आणि जिच्याकडे पाहून शिकावें अशी एकहि स्वदेशीय स्त्री पुढें गेलेली नाहीं. तेथें लोक त्यांस ‘चाको’ म्हणत. कित्येक वर्षें तेथें मोठें यश आलें नाहीं. १९७४ सालीं त्यांनीं ऑस्ट्रेलियांतील स्पर्धा जिंकली, आणि १९७६ सालीं इंग्लंडांतील सनिंगडेल येथें युरोपची खुली स्पर्धा.

शेवटीं १९७७ च्या जून महिन्यांत तो दिवस उजाडला. अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना संस्थानांत स्त्री-व्यावसायिकांची अजिंक्यपद स्पर्धा चालू होती. जगांतील मोजक्या महास्पर्धांत तिची गणना होते. चार दिवसांत मिळून ७२ खळग्या हिगुचीबाईंनीं २७९ टोल्यांत पुऱ्या केल्या. अदमासापेक्षां नऊ कमी. पॅट ब्रॅडली, सँड्रा पोस्ट व ज्यूडी रँकिन ह्या तिघीजणी तीन टोल्यांनीं मागें राहिल्या. आशिया खंडांत जन्मलेल्या कोणाहि खेळाडूनें, पुरुषानें वा स्त्रीनें, तोंपर्यंत गोल्फची महास्पर्धा जिंकली नव्हती. युद्धानंतरच्या ओसाड दिवसांत जन्मलेल्या मुलीनें तो मान मिळविला.

एकदां वाट पडली कीं मागून येणाऱ्यांचें पाऊल अडत नाहीं, असें आपण म्हणतों. परंतु तें नेहमींच खरें ठरत नाहीं. हिरोशिमा प्रांतांतील आयाको ओकामोतो ह्या पूर्वीं डाव्या हातानें चेंडू फेंकणाऱ्या सॉफ्टबॉलच्या खेळाडू होत्या. १९८१ सालीं त्या अमेरिकेंत गेल्या, तेथें त्यांनीं १७ स्पर्धा जिंकल्या, आणि १९८७ सालीं वर्षांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून गौरविल्या गेलेल्या त्या पहिल्या अमेरिकेतर स्त्री ठरल्या. तथापि महास्पर्धा त्यांच्या हातीं लागली नाहीं. त्याच वर्षीं अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत तिघींची बरोबरी होऊन फेरसामना झाला, व त्यांत इंग्लंडच्या लॉरा डेव्हीस जिंकल्या. १९८४ सालीं वोबर्न येथें ओकामोतोबाईंनीं ब्रिटिश खुली स्पर्धा अकरा टोल्यांच्या प्रचंड फरकानें जिंकली होती. पण त्या काळीं ती महास्पर्धांत गणली जात नसे. त्याच वोबर्न येथें २०१९ सालीं, ती महास्पर्धा झाल्यावर, हिनाको शिबुनो ह्या वीस वर्षांच्या हंसतमुख मुलीनें ती जिंकली. हिगुचीबाईंच्या विजयानंतर दुसऱ्या जपानी विजयास बेचाळीस वर्षें लागलीं! त्यानंतर मात्र ओघ वाढला. २०२४ व २०२५ ह्या दोन वर्षांत चार महास्पर्धा जपानी स्त्रियांनीं जिंकल्या.

हीं बेचाळीस वर्षें हिगुचीबाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. जपानी स्त्रियांचें स्वतंत्र मंडळ १९७४ सालीं स्थापन झालें होतें. पुढें दहा वर्षांहून अधिक काळ त्या त्याच्या अध्यक्षा होत्या. २००३ सालीं जागतिक गोल्फच्या कीर्तिमंदिरांत त्यांचें नांव दाखल झालें. तेथें प्रवेश मिळविणाऱ्या त्या पहिल्या जपानी व्यक्ति होत.

आतां कासुमिगासेकीच्या दाराशीं परत येऊं. हिगुचीबाईंच्या जन्मगांवचें हें मैदान. परंतु तेथील पूर्ण सभासदत्व स्त्रियांना मिळत नसे व रविवारीं त्यांस तेथें खेळतां येत नसे. त्यांनीं १९७७ सालीं जग जिंकलें, तरीहि हा नियम आणखी चाळीस वर्षें टिकला! तोक्यो येथील ऑलिंपिकची गोल्फ स्पर्धा तेथें भरविण्याचें ठरलें, तेव्हां चोहोंकडून टीका झाली, आणि २०१७ सालीं संस्थेनें तो नियम बदलला. २०२१ च्या ऑगस्टमध्यें तेथें स्त्रियांची स्पर्धा झाली. अमेरिकेच्या नेली कोर्डा पहिल्या आल्या, आणि जपानच्या मोने इनामी ह्यांनीं रौप्यपदक मिळविलें. आपल्या देशाची, बंगळूरची अदिति अशोक केवळ एका टोल्यानें कांस्यपदकास मुकून चौथी आली. त्या दिवशीं आपल्याकडील ज्या घरांनीं गोल्फचें नांवहि कधीं काढलें नव्हतें, त्यांतील कित्येक घरें पहांटेपासून डोळे लावून बसलीं होतीं.

प्रिय विद्यार्थ्यांनो, ह्या चरित्रांतून मला दोन गोष्टी दिसतात. एक अशी कीं, गुण हें देवानें सोंपविलेलें धन आहे. प्रभूच्या दाखल्यांतील एका चाकरानें आपलें द्रव्य भीतीनें जमिनींत पुरून ठेविलें, व त्याबद्दल त्यास जाब द्यावा लागला. परंतु मुलीचा गुण पुष्कळदां ती स्वतः पुरीत नाहीं. आम्ही वडील माणसें तो पुरतों, आणि वर काळजीची माती लोटतों. मग जाब कोणीं द्यावा? दुसरी गोष्ट अशी कीं, एकट्या व्यक्तीच्या पराक्रमानें दार आपोआप उघडत नाहीं. हिगुचीबाई जिंकल्या तरी नियम राहिला. तो बदलण्यास इतरांना बोलावें लागलें. म्हणून जिला खेळतां येतें तिनें खेळावें, आणि ज्यांना बोलतां येतें त्यांनीं बोलावें. दहावीच्या वर्गांतील मुली सायंकाळीं अर्धा तास मैदानावर दिसल्या, तर त्यांस घरीं न पाठवितां मी स्वतः शिटी घेऊन उभा राहीन, एवढें वचन ह्या पानावर लिहून ठेवितों.

विचारासाठीं प्रश्न

१. गोल्फमध्यें पंचाशिवाय प्रामाणिक राहावें लागतें. तुमच्या नित्य जीवनांत अशी परीक्षा कोठें होते?
२. हिगुचीबाईंची वेगळी रीत आणि निष्काळजीपणा ह्यांत भेद कोणता?
३. ओकामोतोबाईंस महास्पर्धा मिळाली नाहीं, म्हणून त्यांचें आयुष्य अयशस्वी म्हणावें काय? सकारण लिहा.
४. तुमच्या घरांत वा गांवांत असें कोणतें दार आहे, जें नियमानें नव्हे तर केवळ संवयीनें बंद आहे?