चाक कठड्याला आदळलं? अलाइनमेंट सगळ्यात शेवटी करा

जुलैमधली संध्याकाळ होती. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पाऊस कोसळत होता. पुढच्या दुचाकीने अचानक ब्रेक मारला, मी गाडी डावीकडे घेतली आणि पुढचं डावं चाक फुटपाथच्या कठड्याला आदळलं. टायर शाबूत होता, रिमही वाकलेली दिसत नव्हती. फक्त सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहू लागलं. दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात ५०० रुपये देऊन अलाइनमेंट करून घेतलं. स्टिअरिंग सरळ झालं आणि मी निश्चिंत झालो.

तीन महिन्यांनी त्याच टायरच्या आतल्या कडेला तारा दिसू लागल्या. गाडी लिफ्टवर घेतल्यावर कळलं की लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, वाकलेला आहे. अलाइनमेंटनंतर मिळालेला छापील कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात तसाच पडून होता. डाव्या चाकाचा कॅम्बर त्यावर पहिल्या दिवसापासून लाल रंगात, म्हणजे मर्यादेबाहेर होता.

अलाइनमेंट म्हणजे दुरुस्ती नव्हे

यंत्र मुख्यतः तीन कोन मोजतं. वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर वळलेली दिसतात, तो टो. समोरून पाहिल्यावर चाक किती कललंय, तो कॅम्बर. आणि चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे असलेला कल, तो कॅस्टर. स्विफ्ट, वॅगनआर यांसारख्या छोट्या गाड्यांत साधारणपणे पुढचा टो तेवढाच जुळवता येतो, तोही टाय रॉड फिरवून. म्हणजे आर्म वाकलेला असतानाही टो हिरवा करून देता येतो आणि स्टिअरिंग सरळ होतं. कॅम्बर किंवा मागच्या चाकाचा आकडा लाल असेल, तर एखादा भाग वाकला आहे असंच समजा.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी मोजणी आणि लिफ्टवर तपासणी, मग सुटे भाग, मग रिम, टायर आणि बॅलन्सिंग, शेवटी अलाइनमेंट.

घरच्या घरी काय पाहाल

स्टिअरिंग सरळ ठेवून, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक मोजण्यातलाही असू शकतो. एक-दीड सेंटिमीटर फरक आला, तर चाक मागे सरकलंय आणि लोअर आर्मवर पहिला संशय घ्या.

टायरची आतली बाजूही टॉर्चच्या उजेडात पाहा. फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात आणि तो टायर दुरुस्त होत नाही. स्पीडब्रेकरवर खटखट वाजत असेल तर लिंक रॉड, बुश किंवा बॉल जॉइंट तपासा. वेगाबरोबर वाढणारी घरघर हब बेअरिंगची असू शकते. टायरला फुगा आला असेल, चाक उघड तिरकं दिसत असेल किंवा टायर आत घासत असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, टोइंगच्या गाडीने उचलून न्या.

खर्चाचा अंदाज

हे आकडे छोट्या हॅचबॅकसाठी, पुण्यातल्या साध्या गॅरेजचे आणि ढोबळ आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरी बरीच जास्त पडते.

• लिफ्टवर तपासणी: २०० ते ५०० रुपये
• अलाइनमेंट: ३०० ते ६०० रुपये
• बॅलन्सिंग: प्रत्येक चाकाला ५० ते १०० रुपये, वजनं वेगळी
• टाय रॉड एंड: ३०० ते ८०० रुपये
• लिंक रॉड: ४०० ते १,००० रुपये
• लोअर आर्म: १,२०० ते ३,५०० रुपये
• पुढचा शॉकअप: १,८०० ते ३,५०० रुपये, शक्यतो जोडीने बदला
• हब बेअरिंग: १,००० ते २,५०० रुपये
• लोखंडी रिम: १,५०० ते २,५०० रुपये; अलॉय: ४,००० ते ८,००० रुपये
• टायर: ३,५०० ते ६,००० रुपये

मजुरी कामागणिक साधारण ३०० ते ८०० रुपये धरा. स्टिअरिंग रॅकच बदलायची वेळ आली, तर खर्च दहा हजारांच्या पुढे जातो. अशा वेळी दुसऱ्या मेकॅनिकचंही मत घ्या.

सुटे भाग स्वतः आणायचे असतील तर पुण्यात नाना पेठ आहे. मात्र लोअर आर्म, टाय रॉड आणि नकल (चाकाचा हब ज्यावर बसतो तो भाग) हे भाग जुन्या बाजारातून घेऊ नका. वाकलेला आर्म गॅसवर तापवून, ठोकून सरळ करून देतो असं कुणी म्हणालं, तर स्पष्ट नकार द्या. तापवलेलं लोखंड कमजोर होतं आणि तो भाग चालत्या गाडीत तुटू शकतो. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायला सांगा. चाक लटकत असताना आवळले तर बुशला पीळ बसून तो लवकर फाटतो.

विम्याचा दावा करावा का?

समजा, गाडी साडेतीन वर्षांची आहे आणि बिल १०,००० रुपये झालं: धातूचे भाग ५,०००, टायर ४,००० आणि मजुरी १,०००. या वयाला धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा, म्हणजे १,२५० रुपये कापले जातात. टायरवर ५० टक्के, म्हणजे २,०००. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात. हाती येतात ५,७५०. गाडीचं इतर काही नुकसान नसेल आणि फक्त टायर गेला असेल, तर नेहमीच्या पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत.

आता दुसरी बाजू. चार वर्षं दावा नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ४५ टक्के नो क्लेम बोनस मिळतो. हा हप्ता ८,००० रुपये असेल, तर दावा केल्यामुळे पुढच्या वर्षी ३,६०० रुपयांची सूट जाते. त्यानंतरच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्केच मिळतात, म्हणजे आणखी २,४०० गेले. हप्ता तेवढाच धरला तर दोन वर्षांत ६,००० रुपये. अशा बिलाला दावा न करणंच बरं. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलं असेल तर गणित बदलतं. त्यात टायर धरलाय का, ते पॉलिसीत वाचा.

बिल घेताना

काम सुरू होण्याआधी लेखी एस्टिमेट घ्या. काढलेले जुने भाग परत मागा आणि अलाइनमेंटचे आधीचे व नंतरचे, असे दोन्ही आकडे असलेला कागद घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर आणि टायरवर १८ टक्के जीएसटी आहे. छापील किमतीत तो धरलेला असतो, त्यामुळे एमआरपीवर वेगळा कर देऊ नका. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क लागत नाही.

मी पहिल्याच दिवशी आर्म बदलला असता, तर मजुरी आणि अलाइनमेंट धरून ३,४०० रुपयांत काम झालं असतं. प्रत्यक्षात दोन टायर आणि दुसरं अलाइनमेंट मिळून जवळजवळ १३,००० गेले.

दुरुस्तीनंतर हजारेक किलोमीटर झाले की गाडी थंड असताना तळहात टायरवर आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं, तर टो अजून बिघडलेला आहे. त्याच आठवड्यात कागद घेऊन परत जा.